सिलिकॉन रबर आगीला टिकवायचं कसं: कुठली पावडर, किती, आणि कुठल्या क्रमाने

सिलिकॉन जळत नाही असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात, ते खरं नाहीये. जळतं. हळू जळतं, गळून थेंब पडत नाहीत, काळा धूर कमी आणि शेवटी पांढरी राख उरते, हे सगळं बरोबर, पण साध्या सिलिकॉनची दीड मिलीमीटर जाडीची पट्टी उभी टांगून खालून बर्नर लावा, ज्योत आरामात वर चढेल आणि विझल्यावरही पट्टी बराच वेळ आतून लाल धुमसत राहील. म्हणून त्यात काहीतरी घालावं लागतं, आणि इथे माणसं सरळ एटीएचचं (अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड, तापलं की पाणी सोडणारी पावडर) पोतं उघडतात. मग रबर दगडासारखं कडक होतं, ताणलं की तुटतं आणि टेस्टही कधी पास कधी फेल. पावडर निवडण्याआधी दोन गोष्टी ठरल्या पाहिजेत, एक म्हणजे कुठल्या आगीसमोर माल उभा राहणार आहे आणि दुसरं म्हणजे जळून उरलेल्या राखेकडून काय काम हवंय. मी मुख्यतः हाय टेम्परेचर व्हल्कनायझिंग म्हणजे एचटीव्ही गम कंपाउंडबद्दल (घट्ट कच्चं सिलिकॉन, जे गरम करून पक्कं म्हणजे क्युअर करतात) लिहितोय, लिक्विड आणि सीलंटचं शेवटी थोडक्यात.

पायरी १: आग कुठली ते आधी लिहून काढा

यात दोन अगदी वेगळ्या मागण्या असतात आणि लोक त्या एकाच नावाखाली खपवतात. पहिली मागणी, पेट घेऊ नये आणि घेतलाच तर लगेच विझावं. गास्केट, स्लीव्ह, कनेक्टरचं सील, बॅटरी पॅकमधले पॅड, इथे बहुतेक वेळा यूएल ९४ या ज्वलनाच्या स्टँडर्डची व्ही-० श्रेणी (आकडे पायरी ९ मध्ये) मागतात. दुसरी मागणी, आगीत पूर्ण जळून गेलं तरी चालेल पण जागेवर राहून काम करत राहावं, म्हणजे फायर सर्व्हायव्हल केबल. तिथे ब्रिटिश स्टँडर्ड ६३८७ मध्ये सी, डब्ल्यू आणि झेड अशा तीन टेस्ट आहेत, सी मध्ये ९५० अंशाला ३ तास, डब्ल्यू मध्ये ६५० अंशाला १५ मिनिटं नुसती आग आणि पुढची १५ मिनिटं आग अधिक पाण्याचा फवारा, झेड मध्ये ९५० अंशाला १५ मिनिटं वरून ठोके बसत असताना, आणि या सगळ्यात केबलमधून सर्किट चालू राहिलं पाहिजे. तांबं १०८५ अंशाला वितळतं, म्हणजे तार अजून शाबूत असते, प्रश्न फक्त तिच्याभोवतीच्या इन्सुलेशनचा उरतो.

व्ही-० साठी बनवलेलं उत्तम कंपाउंड या दुसऱ्या टेस्टमध्ये भुकटी होऊन खाली पडू शकतं, आणि केबलसाठी बनवलेलं सिरॅमिक होणारं कंपाउंड व्ही-० मध्ये धुमसण्यावर फेल होऊ शकतं. त्यामुळे ग्राहक नुसतं फायर प्रूफ पाहिजे म्हणाला तर स्टँडर्डचा नंबर, जाडी आणि रंग हे तिन्ही लिहून मागा. जाडी तर नक्कीच, कारण ३ मिलीमीटरला सहज पास होणारं कंपाउंड पाऊण मिलीमीटरला लटकतं. रेल्वेच्या डब्यातला माल असेल तर युरोपात ईएन ४५५४५-२ लागतं आणि तिथे धूर नि विषारी वायूही मोजतात, तेव्हा तो खेळ अजून वेगळा.

पायरी २: ते जळतं कसं, एवढं तरी डोक्यात ठेवा

थिअरी नको म्हणणाऱ्यांनी पण हा भाग वाचा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. सिलिकॉनचा कणा सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन असा आणि दोन्ही बाजूंना मिथाइल गट. तापवलं की साखळी टोकाकडून किंवा मधून स्वतःलाच वळसा घालून तीन, चार, पाच युनिटांच्या रिंगा तोडून टाकते. या रिंगा उडून जातात आणि हवेत त्याच पेटतात. म्हणजे ज्योतीला मिळणारं इंधन म्हणजे प्रामुख्याने या रिंगा. दुसरीकडे हवेतला ऑक्सिजन मिथाइल गट खातो, साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि शेवटी सिलिका तयार होते, ती उडत नाही, ती पृष्ठभागावर बसते आणि खालच्या मालाला झाकते.

म्हणजे शर्यत आहे, रिंगा होऊन उडून जाणं एका बाजूला आणि जोडून सिलिका होणं दुसऱ्या बाजूला. आपलं काम दुसऱ्या बाजूला मदत करायची. हिशोबच करायचा तर एका युनिटचं वजन ७४ आणि त्यातून मिळू शकणारी सिलिका ६०, म्हणजे सगळाच्या सगळा गम सिलिका झाला तर ८१ टक्के वजन राखेत राहायला हवं. प्रत्यक्षात नुसत्या गमचं बरंच कमी राहतं, फरक तेवढा वायू होऊन पेटला. हा आकडा पुढे आपण वापरणार आहोत.

पायरी ३: बेस नीट निवडा

बेस म्हणजे गम अधिक फ्यूम्ड सिलिका, तयार कंपाउंडच घेतात बहुतेक जण. इथे एकच सांगणं आहे, शेवटी ज्या हार्डनेसवर पोचायचंय त्यापेक्षा बरंच मऊ बेस घ्या. १०० भाग बेसला वजनाने ५० ते ६० भाग मिनरल पावडर घातली की शोअर ए (रबराच्या कडकपणाचा आकडा) सहज १० ते १५ ने वर जातो, म्हणून ६० चा माल हवा असेल तर ४० ते ५० च्या बेसपासून सुरुवात करा, आणि फाटण्याची ताकद जास्त असलेला ग्रेड घ्या कारण पावडर ती ताकद खाणारच आहे. फिनाइल असलेले गम आगीत जरा बरे वागतात पण महाग पडतात, मुद्दाम गरज नसेल तर त्यात जाऊ नका.

आणखी एक, बेसमध्ये उरलेले हलके सायक्लिक (पायरी २ मधल्या रिंगा) म्हणजे फुकटचं इंधन. बेस स्वस्त आणि नीट स्ट्रिप न केलेला, म्हणजे ते उडवून न काढलेला असेल तर तुम्ही कितीही एटीएच ओता, पहिल्या दहा सेकंदात ज्योत मोठीच येणार.

पायरी ४: पावडरी, एकेकीचा स्वभाव

एटीएच म्हणजे अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड, सगळ्यात जास्त वापरलं जाणारं. २०० अंशाच्या आसपास पाणी सोडायला लागतं, पूर्ण तुटलं की वजनाच्या ३४.६ टक्के पाणी बाहेर पडतं आणि ते करताना दर ग्रॅमला साधारण १ ते १.३ किलोज्यूल उष्णता पितं. वाफ ज्योत पातळ करते, उरलेलं अ‍ॅल्युमिना राखेत बसतं. केबल किंवा हाय व्होल्टेज इन्सुलेटरसाठी घेत असाल तर कमी सोडा (सोडियम) असलेला ग्रेड घ्या, नाहीतर इलेक्ट्रिकल प्रॉपर्टीज घसरतात. इन्सुलेटरमध्ये याचा दुसराही फायदा आहे, पृष्ठभागावर छोटे आर्क बसून जो कोळशाचा रस्ता तयार होतो तो एटीएच होऊ देत नाही. कणाचा आकार १ ते २ मायक्रॉन बरा. जाड कण स्वस्त पडतात पण ताणताना तिथूनच चीर सुरू होते.

एमडीएच म्हणजे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड. पाणी ३१ टक्के, पण सोडतं ३०० च्या वर, साधारण ३३० च्या आसपास. त्यामुळे प्रोसेसिंगला मोकळीक मिळते आणि सिलिकॉनचा स्वतःचा तुटण्याचा काळ याच्या जवळ येतो, म्हणजे वाफ नेमक्या वेळी मिळते. अडचण अशी की हे अल्कलाइन आहे, आणि सिलिकॉनच्या कण्याला अल्कली अजिबात झेपत नाही. जास्त घातलं आणि माल २०० अंशाला महिनोन्महिने राहणार असेल तर साखळ्या तुटतात, रबर आधी मऊ आणि मग ठिसूळ होतं, कॉम्प्रेशन सेटची, म्हणजे दाबून सोडल्यावर मूळ आकारात येण्याची, वाट लागते. व्हिनाइल सिलेन किंवा तत्सम कोटिंग केलेलं एमडीएच घ्या, उघडं घेऊ नका. खरंतर एटीएचही कोटिंग केलेलंच घ्यावं, मिलवर (दोन रोलांमध्ये कंपाउंड मळणारं मशीन) घालताना फरक लगेच हाताला कळतो.

झिंक बोरेट एकटं फार काही करत नाही, पण ५ ते १० भाग घातलं की विझल्यानंतरचं धुमसणं कमी होतं आणि राख जरा चिकटून राहते. नेहमी वापरला जाणारा ग्रेड २९० अंशापर्यंत पाणी धरून ठेवतो.

क्वार्ट्झ फ्लोअर म्हणजे दळलेली गारगोटी, ही आग विझवत नाही, फक्त इंधनाची जागा घेते. तरी उपयोग होतो, पण ही क्रिस्टलाइन सिलिका आहे, धूळ फुप्फुसात गेली की सिलिकोसिस. मास्क आणि सक्शन नसेल तर ही पिशवी उघडूच नका. फ्यूम्ड सिलिका क्रिस्टलाइन नाही, तिचा तसा धोका नाही, पण तीही उडते आणि नाकाघशाला त्रास देतेच.

कॅल्शियम कार्बोनेट स्वस्त, भर घालायला ठीक, त्याच्याकडून आग विझवायची अपेक्षा ठेवू नका, त्यातला कार्बन डायऑक्साइड ६०० च्या बऱ्याच वर सुटतो, तोवर गम जळून झालेला असतो.

अमोनियम पॉलिफॉस्फेट आणि रेड फॉस्फरस दुसऱ्या प्लास्टिकात छान चालतात म्हणून इथे आणायचा मोह होतो. नका आणू. फॉस्फरस प्लॅटिनमला (ते पायरी ५ मध्ये येतंय) मारतो आणि फॉस्फेटमधून निघणारं अ‍ॅसिड साखळीही तोडतं. एक्सपांडेबल ग्राफाइट फुगून छान थर देतं, पण काळं, वीज वाहणारं, आणि कमी तापमानाचा ग्रेड असेल तर क्युअरमध्येच फुगून बसतं. जिथे इन्सुलेशन नकोय तिथेच बघा.

पायरी ५: प्लॅटिनम, आणि त्याचे साथीदार

ज्यांना वाटतं फक्त पावडर म्हणजे फ्लेम रिटार्डंट, त्यांच्यासाठी ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. पेरॉक्साइडने क्युअर होणाऱ्या कंपाउंडमध्येसुद्धा, जिथे क्युअरला प्लॅटिनम लागत नाही, अगदी थोडं प्लॅटिनम घातलं तर आगीत साखळ्या जोडल्या जाण्याचा वेग वाढतो, कमी रिंगा उडतात, जास्त राख उरते. मात्रा पीपीएममध्ये, १० ते ५० च्या दरम्यान काम होतं. हिशोब असा, १ किलो कंपाउंडला २० पीपीएम म्हणजे २० मिलिग्रॅम प्लॅटिनम, म्हणजे १ टक्का प्लॅटिनम असलेलं कॉम्प्लेक्स २ ग्रॅम. एवढंसं दोन ग्रॅम सरळ मिलवर टाकलं तर एका कोपऱ्यात राहतं, त्यामुळे आधी व्हिनाइल ऑइलमध्ये किंवा थोड्या गममध्ये मिसळून मास्टरबॅच करा आणि तो घाला.

प्लॅटिनम एकटं घातलं तर फायदा थोडा, साथीला फ्यूम्ड टायटॅनियम डायऑक्साइड १ ते ५ भाग घातलं की खरी मजा येते. पेंटमधलं जाड पिगमेंट ग्रेड टायटॅनियम इथे तितकं काम करत नाही, खूप बारीक, जास्त पृष्ठभागाचं हवं. लाल आयर्न ऑक्साइड १ ते ३ भाग, हे उष्णतेत रबर टिकायलाही मदत करतं. थोडा कार्बन ब्लॅक, १ भागाच्या आसपास, पण काळा रंग चालणार असेल तरच. सेरियम ऑक्साइडही वापरतात. रंगाचा प्रश्न इथेच येतो, ग्राहकाला दुधी पांढरा किंवा पारदर्शक माल पाहिजे असेल तर यातले निम्मे पर्याय आधीच बाद, आणि पारदर्शक व्ही-० पातळ जाडीत मागणाऱ्याला आधीच स्पष्ट सांगा की अवघड आहे.

प्लॅटिनमचे शत्रू लक्षात ठेवा: गंधक, अमाइन, टिन, फॉस्फरस. ज्या मिलवर सकाळी गंधकाचं नॅचरल रबर चाललं तिथेच दुपारी हे कंपाउंड चालवलं तर प्लॅटिनमचे पैसे पाण्यात.

पायरी ६: पहिला फॉर्म्युला आणि कागदावरचा हिशोब

सुरुवातीला असं धरा: बेस १०० भाग, कोटिंग केलेलं एटीएच ६०, फ्यूम्ड टायटॅनियम २, आयर्न ऑक्साइड १, प्लॅटिनम २० पीपीएम, पेरॉक्साइड पेस्ट वेगळी. ही जादूची रेसिपी नाही, इथून वर-खाली सरकायचं.

आता बॅच करण्याआधी तीन आकडे काढा. छोटे घटक सोडून देऊ. एटीएच १६० पैकी ६०, म्हणजे साडेसदतीस टक्के, त्यातून पाणी ३४.६ टक्के, म्हणजे पूर्ण कंपाउंडच्या वजनाच्या जवळजवळ १३ टक्के पाणी साठवलेलं आहे. दुसरा, डेन्सिटी: बेस १.१५ धरला तर १०० भागांचं आकारमान ८७, एटीएच २.४२ चं, ६० भागांचं २४.८, एकूण १११.८, तर १६० भागिले १११.८ म्हणजे १.४३. मोल्डरला शॉटचं वजन याच्यावर काढून द्या, नाहीतर तो जुन्या कंपाउंडच्या वजनाने भरेल आणि पार्ट अर्धवट निघतील. वर, प्रत्यक्ष डेन्सिटी १.४३ च्या ऐवजी १.३८ आली तर पावडर कमी पडलीय किंवा आत हवा आहे, हे न जाळताच कळतं.

तिसरा आकडा राखेचा, आणि हा मला सगळ्यात आवडतो. बेसमध्ये ३० भाग सिलिका धरू, ती उरणारच. एटीएचचे ६० भाग पाणी जाऊन ३९ उरतील. म्हणजे गम पूर्ण उडाला तरी ६९ भाग राख, १६० पैकी ४३ टक्के. आणि ७० भाग गम सगळा सिलिका झाला तर त्यातले ५७ जोडा, १२६ भाग, म्हणजे ७९ टक्के. पट्टी जाळून राख हलक्या हाताने वाटीत गोळा करा, वजन करा. ४३ च्या जवळ आलात तर तुमचं प्लॅटिनम काहीच करत नाहीये. जितकं वर सरकाल तितकं गमचं सिलिकात रूपांतर चांगलं होतंय. महागडा कोन कॅलरीमीटर (जळताना निघणारी उष्णता मोजणारं यंत्र) नसेल तेव्हा दोन फॉर्म्युल्यांची तुलना करायला हे बऱ्यापैकी पुरतं, फक्त पट्टीची जाडी आणि ज्योत सारखी ठेवा, आणि पट्टी काळी राहिली असेल, म्हणजे आतपर्यंत जळलीच नसेल, तर तो आकडा धरू नका.

पायरी ७: मिलवर

पावडर आधी वाळवा. एटीएच ११० अंशाला काही तास ठेवलं तरी चालतं, त्या तापमानाला ते तुटत नाही, फक्त वरची ओल जाते. ओली पावडर म्हणजे क्युअरमध्ये बुडबुडे, आणि बुडबुड्याच्या जागी पट्टी भराभर जळते.

रोलमधून पाणी चालू ठेवा, थंड रोलवर बेस आधी मोकळा करून घ्या, सिलिकॉन सहसा वेगाच्या रोलवर पट्टा धरतं. पट्टा गुळगुळीत झाला की पावडर हळूहळू, पट्ट्याच्या पूर्ण रुंदीवर घाला. घाईने एका जागी ओतली तर गुठळ्या होतात आणि त्या नंतर कितीही फिरवलं तरी मोडत नाहीत, कणिक मळताना पाणी एकदम ओतल्यासारखं होतं. खाली ट्रेमध्ये पडलेली पावडर परत घाला, फेकू नका, नाहीतर सगळा हिशोब चुकला. क्रम असा: आधी टायटॅनियम आणि आयर्न ऑक्साइड, ते सहसा गममध्ये दळलेल्या पेस्टच्या रूपात घेतलेले बरे, मग एटीएच तीन-चार हप्त्यात, मग प्लॅटिनमचा मास्टरबॅच, आणि कंपाउंड एक रात्र ठेवून दुसऱ्या दिवशी परत मिल करून शेवटी पेरॉक्साइड. रात्रभर ठेवण्याचं कारण म्हणजे पावडर नीट ओली होते. जास्त दिवस ठेवलं तर कंपाउंड कडक वाटायला लागतं, घाबरायचं नाही, मिलवर परत फिरवलं की मऊ येतं.

पेरॉक्साइड घालताना रोल थंडच, ५० अंशाच्या खाली. पातळ शीट कापून उजेडासमोर धरा, पांढरे ठिपके दिसले तर अजून फिरवा. पेरॉक्साइड लोखंडी गंज, उष्णता आणि उन्हापासून लांब ठेवा, आणि प्लॅटिनम मास्टरबॅचच्या शेजारच्या फळीवर तर नकोच.

पायरी ८: क्युअर, आणि इथे सगळ्यात जास्त घोळ होतो

प्रेस मोल्डिंगला डीबीपीएच नावाने ओळखलं जाणारं पेरॉक्साइड चालतं, १६५ ते १८० अंश, एटीएचला यात काही होत नाही. एक्स्ट्रूजन करून हॉट एअर टनेलमधून काढायचं असेल तर २,४-डायक्लोरोबेन्झॉइल पेरॉक्साइड वापरतात, ते कमी तापमानाला पटकन धरतं, पण दोन भानगडी. एक, कार्बन ब्लॅक असेल तर हे पेरॉक्साइड नीट क्युअर करत नाही. दुसरी, नावातच क्लोरो आहे. हॅलोजन फ्री म्हणून माल विकताय आणि क्युअर क्लोरीनवाल्या पेरॉक्साइडने करताय, तर पोस्ट क्युअर (क्युअरनंतर ओव्हनमध्ये परत तापवणं) नीट झाला नसेल तेव्हा टेस्टमध्ये क्लोरीन सापडतं आणि मग सगळे पावडरीवर संशय घेत बसतात. त्यासाठी मिथाइल बेन्झॉइल प्रकारचं बिनक्लोरीनचं पेरॉक्साइड मिळतं, तेच वापरा.

टनेलची हवा ३०० ते ४०० अंशाची असते. माल आत काही सेकंदच असतो म्हणून एटीएच वाचतं, पण लाइन मंद झाली किंवा भिंत पातळ असेल तर पृष्ठभागावर बारीक फुगे येतात, ते एटीएचचं पाणी आहे. तेव्हा टनेलचं तापमान उतरवा किंवा एमडीएचकडे वळा.

पोस्ट क्युअरचं नेहमीचं गणित म्हणजे २०० अंश, ४ तास. एटीएच भरपूर असलेल्या कंपाउंडला हे डोळे झाकून लावू नका. २०० ला एटीएच थोडं थोडं पाणी सोडायला लागतं, म्हणजे आगीसाठी साठवलेलं पाणी तुम्ही ओव्हनमध्येच उडवताय, आणि जाड पार्ट असेल तर आत भेगा किंवा फुगीर जागा. १७० ते १८० ला जास्त वेळ ठेवा, ओव्हनमध्ये ताजी हवा भरपूर खेळती पाहिजे, पार्ट एकमेकांवर रचू नका. पोस्ट क्युअर टाळायचाही नाही, कारण पेरॉक्साइडचे उरलेले तुकडे आणि हलके सायक्लिक दोन्ही पेट घेणारे, ते आत राहिले तर माल फेल होतो, आणि तोच माल पोस्ट क्युअरनंतर पास होताना दिसतो. किती पाणी गेलं ते बघायला ओव्हनच्या आधी नि नंतर वजन करा, एटीएच नसलेल्या त्याच बेसच्या तुकड्याशी तुलना करा, जास्तीचं घटलेलं वजन म्हणजे तुमचं पाणी.

पायरी ९: जाळून बघणं

लॅबला सॅम्पल पाठवण्याआधी स्वतः जाळा. पट्टी १२५ मिलीमीटर लांब, १३ रुंद, जाडी जी विकणार तीच. वरून चिमट्यात उभी टांगायची, खाली ३०० मिलीमीटरवर कापूस पसरायचा, २० मिलीमीटरची निळी ज्योत, बर्नरचं तोंड पट्टीच्या खालच्या टोकापासून १० मिलीमीटर. १० सेकंद लावा, काढा, विझेपर्यंतचे सेकंद मोजा, विझली की लगेच परत १० सेकंद, परत मोजा, यावेळी ज्योत विझल्यानंतरचं धुमसणंही मोजा. अशा पाच पट्ट्या.

व्ही-० साठी एकही ज्योत १० सेकंदांच्या वर नको, पाच पट्ट्यांच्या दहा ज्योतींची बेरीज ५० च्या आत, दुसऱ्या ज्योतीनंतरचं जळणं अधिक धुमसणं ३० च्या आत, कापूस पेटायला नको आणि चिमट्यापर्यंत आग पोचायला नको. व्ही-१ ला हेच आकडे ३०, २५० आणि ६०. पट्ट्यांचा एक संच २३ अंश, ५० टक्के दमटपणात ४८ तास ठेवलेला आणि दुसरा ७० अंशाच्या ओव्हनमध्ये १६८ तास ठेवलेला, दोन्ही पास व्हावे लागतात.

पंखा बंद, पण धूर ओढणारा हूड हवा, आणि जाळताना चेहरा जवळ नेऊ नका, सिलिकॉन हवेत तापलं की फॉर्मल्डिहाइडही थोडं सुटतं आणि पांढरा धूर म्हणजे बारीक सिलिका असते. लायटरने जाळून पास झालं म्हणणाऱ्यांचं काही ऐकू नका.

फेल झालं तर कसं फेल झालं ते बघा. पहिल्याच ज्योतीला मोठी आग, तर हलके सायक्लिक किंवा पोस्ट क्युअर कमी. ज्योत पटकन विझते पण धुमसत राहते, तर झिंक बोरेट वाढवा, कार्बन ब्लॅक कमी करून बघा. पाचपैकी चार उत्तम आणि एक भडकली, तर ते डिस्पर्जन आहे, म्हणजे पावडर सगळीकडे सारखी पसरलेली नाही, फॉर्म्युला बदलू नका, मिलिंग बदला. पहिली ज्योत बरी आणि दुसरी वाईट, म्हणजे राखेचा थर तडकतोय, प्लॅटिनम-टायटॅनियमची जोडी वाढवा, एटीएच नाही. आणि कारण काही सापडलंच नाही की मग एटीएच ६० वरून ८० करा, पण प्रत्येक वेळी टेन्साइल (ओढून तुटण्याची ताकद) आणि इलाँगेशन (तुटेपर्यंतचा ताण) सोबत मोजा. लिमिटिंग ऑक्सिजन इंडेक्स (पट्टी जळत राहायला किमान किती टक्के ऑक्सिजन लागतो) करत असाल तर लक्षात घ्या, हवेत ऑक्सिजन जेमतेम २१ टक्के, आणि इंडेक्स ३० च्या वर असूनही व्ही-० न होणारी कंपाउंड असतात, कारण तिथे पट्टी वरून पेटवतात आणि इथे खालून.

पायरी १०: केबलसाठी राखेचं सिरॅमिक करायचं असेल तर

साध्या सिलिकॉनची राख बोट लावलं की भुकटी. तिला बांधायला दोन गोष्टी लागतात, एक सांगाडा आणि एक वितळून चिकटवणारा. सांगाड्याला वोलास्टोनाइट, अभ्रक किंवा कॅल्साइन केओलिन, २० ते ४० भाग. चिकटवायला कमी तापमानाला मऊ होणारी काचेची पूड म्हणजे ग्लास फ्रिट, ५ ते १५ भाग.

मेख तापमानात आहे. गम ४०० ते ५५० च्या दरम्यान बऱ्यापैकी संपतो. फ्रिट ७५० ला मऊ होणारी निवडली तर मधल्या दोनशे अंशात राखेला धरणारं कुणीच नसतं, आणि केबल आडवी असली तरी तेवढ्यात इन्सुलेशन तडकून तार उघडी पडते. म्हणून ४०० ते ५०० च्या आसपास मऊ होणारी एक फ्रिट घ्या, आणि ९५० ला ती पाण्यासारखी वाहू नये म्हणून वोलास्टोनाइट-अभ्रक पुरेसं ठेवा, ते काचेला घट्ट करत जातं. झिंक बोरेट इथेही मदत करतं. फ्रिटमध्ये सोडियम-पोटॅशियम जितकं जास्त तितकी ती लवकर मऊ, पण गरम काचेतून तेच आयन वीज वाहून नेतात, आणि ९५० अंशाला राख दगडासारखी मजबूत असूनही फ्यूज उडतो. इथे बरेच जण अडकतात. फ्रिट वाढवण्याआधी गरम असतानाचा रेझिस्टन्स मोजा.

मफल फर्नेसमध्ये पट्ट्या ६००, ८०० आणि ९५० ला अर्धा-अर्धा तास ठेवा, दोन विटांवर पुलासारख्या. वाकली, तडकली, आक्रसली किती ते बघा. ६०० ची पट्टी सगळ्यात महत्त्वाची, ९५० ला सगळेच कडक येतात.

लिक्विड आणि सीलंटबद्दल

लिक्विड सिलिकॉन आणि ॲडिशन क्युअर (प्लॅटिनमनेच क्युअर होणाऱ्या) मालात प्लॅटिनम आधीच असतं, वरून घातलं तर पॉट लाइफ (मिसळल्यावर वापरता येण्याचा वेळ) कमी होते, इनहिबिटर म्हणजे क्युअर लांबवणारा घटक त्याप्रमाणे वाढवावा लागतो. पावडरीवर ओल असेल तर क्रॉसलिंकरमधल्या (साखळ्या जोडणारा घटक) सिलिकॉन-हायड्रोजनशी भांडण होऊन हायड्रोजन सुटतो, बुडबुडे, आणि बंद डब्यात दाब. हा माल दोन भागांत येतो, त्यामुळे एटीएच घातलेला हायड्रोजनवाला भाग घट्ट बंद ड्रममध्ये साठवू नका, शक्यतो पावडर दुसऱ्या भागातच घाला. एटीएच दोन आकारांचं मिसळून घ्या, काही जाड काही बारीक, म्हणजे तेवढीच पावडर घालूनही घट्टपणा कमी राहतो. पण जाड कण खाली बसतात, ड्रम वापरण्याआधी ढवळलाच पाहिजे.

सीलंटमध्ये व्हिनेगरचा वास येणारा अ‍ॅसिटॉक्सी प्रकार असेल तर एमडीएच, कार्बोनेट, कुठलीही अल्कलाइन पावडर नको, ट्यूबमध्येच रिअ‍ॅक्शन होऊन माल घट्ट होतो किंवा फुगतो. न्यूट्रल क्युअर घ्या, तिथे कोरडं कोटिंग केलेलं एटीएच आरामात बसतं.

आणि लॉट बदलला की नवीन एटीएचची एक छोटी बॅच करून दोन पट्ट्या जाळूनच पुढे जा, सर्टिफिकेटवर कणाचा आकार तोच लिहिलेला असला तरी कोटिंग बदललेलं असू शकतं आणि ते कागदावर दिसत नाही, मिलवर पावडर किती वेळात गममध्ये जाते यावरूनच आधी कळतं.